नावाचा धनी कोण?

'माडिया' आणि 'मीडिया' या दोन शब्दांत एका चिन्हाचा फरक आहे. पहिल्या अक्षराचा काना पुसून तिथे दीर्घ वेलांटी दिली, की भामरागडच्या रानात पिढ्यानपिढ्या राहत आलेली एक जमात कागदावरून उठते आणि तिच्या जागी वर्तमानपत्रे आणि वृत्तवाहिन्या येऊन बसतात. रोमन लिपीतही तीच गत. 'एम'च्या पुढचा 'ए' गेला आणि 'ई' आला, की झाले.

संगणकावर किंवा मोबाइलवर टाइप करताना शब्द आपोआप दुरुस्त करणारी जी सोय असते, ती अशाच एका चिन्हाच्या फरकावर चालते. १९६४ साली आयबीएममधल्या फ्रेडरिक डॅमेराऊ यांनी स्पेलिंगच्या चुकांचा अभ्यास करून दाखवून दिले, की ८० टक्क्यांहून अधिक चुका चारच प्रकारच्या असतात. एखादे अक्षर बदलते, एखादे गळते, एखादे जास्तीचे पडते, नाहीतर शेजारची दोन अक्षरे आपसांत जागा बदलतात. पुढची बरीच यंत्रे याच पायावर उभी राहिली. अनोळखी शब्द आला की यंत्र त्याच्या एका पावलावरचे ओळखीचे शब्द धुंडाळते आणि त्यांतला जो जास्त वापरात असेल तो पुढे करते. 'मीडिया' रोज असंख्य ठिकाणी छापला जातो. 'माडिया' छापला जातो तो गडचिरोलीच्या बातमीत, मानववंशशास्त्राच्या एखाद्या पुस्तकात, जातीच्या दाखल्यावर. दोघांत निवड करायची वेळ आली तर कौल कुणाकडे जाणार, हे सांगायला नको.

यंत्राच्या दोन सवयी मात्र वेगळ्या ओळखायला हव्यात. शब्दाखाली लाल नागमोडी रेघ मारणे ही एक. ती वर्डच्या १९९५च्या आवृत्तीत आली. टाइप होता होताच शब्द बदलून टाकणे ही दुसरी. ती त्याच्या दोन वर्षे आधी, १९९३मध्ये, डीन हॅचमोविच यांच्या कामातून वर्डमध्ये रुजली. इंग्रजीतला 'द' लिहिताना घाईत 'टी-ई-एच' उमटते, ते मुकाट्याने सरळ करून द्यावे, इतका साधा हेतू होता. टायपिस्टचे बोट वाचले आणि कुणाचे काही बिघडले नाही. लाल रेघ विचारते. दुसरी सोय विचारत नाही. लहानसा वाटणारा हा फरक हेमलकशाला पोहोचेपर्यंत फार मोठा होतो, कारण तिथे प्रश्न स्पेलिंगचा राहत नाही. शब्द चुकला हे ठरवायचे कुणी? बहुसंख्यांच्या वापराने, शास्त्राने, की ज्याचा तो शब्द आहे त्याने?

हेमलकसा हे भामरागड तालुक्यातले गाव. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम जवळच आहे. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी इथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, तेव्हा गडचिरोली जिल्हा जन्मालाही यायचा होता. तो २६ ऑगस्ट १९८२ला चंद्रपुरातून वेगळा झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथे दवाखाना मांडून बसले, पण समोरच्या रुग्णाला मराठी येत नव्हती आणि त्यांना माडिया येत नव्हती. माडिया ही द्राविड कुळातली, गोंडीच्या गोतावळ्यातली भाषा. मराठीवरून तिचा अंदाज बांधता येत नाही. डॉक्टरांना ती ऐकून, खुणा करून, पुन्हा पुन्हा विचारून शिकावी लागली. १९७६मध्ये शाळा सुरू झाली आणि मुलांची नावे रजिस्टरवर चढू लागली. घरातल्या कुणी कधी अक्षर गिरवलेले नाही अशा मुलांची ती नावे होती. अशा घरातल्या माणसाचे नाव पहिल्यांदा कागदावर उतरते ते परक्याच्या कानावाटे, आणि पुढे दाखला, आधार, बँक, शिष्यवृत्ती असे ते जिथे जिथे जाईल तिथे त्या पहिल्या लेखणीचा हात त्याच्यावर राहतो.

इथे मराठीचा स्वतःचा हातही पाहून घ्यावा. वर 'हेमलकशाला' लिहिले आहे. गावाचे नाव हेमलकसा, पण प्रत्यय लागताच मराठी माणूस त्याचा 'सा' काढून 'शा' करतो, जसा पैशाला, सशाला. माडिया बोलणाऱ्याने हा 'शा' कधी मागितला नव्हता. पण हा बदल प्रत्ययापुरता आहे आणि मूळ नाव तसेच उभे राहते. कोणतीही भाषा पाहुण्या नावाला आपल्या अंगणातल्या चालीने वागवते, त्यात दुखावण्यासारखे काही नाही. नावाची धाटणी बदलली म्हणजे अन्याय झाला, असे सरसकट म्हणता येत नाही. अन्याय सुरू होतो तो मूळ नावच बदलले जाते आणि बदलल्याचे धन्याला कळतही नाही, तिथे.

शब्द चुकला हे कुणी ठरवायचे, या प्रश्नावर आपल्या परंपरेत फार कसून विचार झाला आहे आणि तो सगळा शुद्धतेच्या बाजूने झुकलेला आहे, अशी एक समजूत असते. त्या बाजूची कथा सर्वांना ठाऊक असते. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ मांडला. 'इंद्रशत्रु' हा शब्द उच्चारताना स्वर चुकला, समासाचा अर्थ उलटला, आणि इंद्राला मारणारा जन्मण्याऐवजी इंद्राच्या हातून मरणारा वृत्र जन्माला आला. एका स्वराच्या चुकीने यज्ञ यजमानावरच उलटला. पतंजलीने महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात, व्याकरण का शिकावे हे सांगताना, या कथेचा दाखला दिला आहे. ही भीती पोकळ नाही. दवाखान्यात औषधाच्या नावातले एक अक्षर बदलले तर काय होईल, हे हेमलकशात कुणाला समजावून सांगावे लागणार नाही.

पण त्याच आह्निकात आणखी दोन गोष्टी आहेत, आणि त्या क्वचितच सांगितल्या जातात. काही ऋषींविषयी पतंजली लिहितो, की ते परम ज्ञानी होते, पण रोजच्या बोलण्यात त्यांचे काही शब्द इतके मोडके होते की त्या मोडक्या शब्दांवरूनच लोक त्यांना यर्वाण-तर्वाण म्हणून ओळखू लागले. यज्ञकर्मात मात्र ते तसे बोलत नसत. त्यांना दोष लागला नाही. दुसरी गोष्ट आणखी मोलाची आहे. घडा हवा असला की माणूस कुंभाराच्या घरी जातो आणि मला घडा करून दे म्हणतो. शब्द हवा म्हणून कुणी वैयाकरणाच्या दारात जाऊन मला शब्द करून दे असे म्हणत नाही. शब्द लोकांच्या तोंडी आधीपासून असतातच. व्याकरण मागाहून येते आणि ते कसे वापरले जातात ते सांगते. दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी एका वैयाकरणाने आपल्याच शास्त्राला घालून दिलेली ही मर्यादा आहे. शब्द आपोआप बदलणारे यंत्र ती ओलांडते. न मागता ते आपल्या कारखान्यातला घडा हातात ठेवते आणि आपण भरून आणलेला बाजूला सारते.

याहून थेट चर्चा मीमांसकांनी केली आहे, आणि ती वाचताना आश्चर्य वाटते, कारण आजच्या यंत्राची नेमकी खोड सातव्या शतकात कुमारिल भट्टाने हेरून ठेवली होती. तीही द्राविड भाषेच्याच संदर्भात.

वेदांत काही शब्द असे येतात की ते आर्यांच्या वापरात नाहीत, पण म्लेंच्छ म्हणवल्या जाणाऱ्यांच्या बोलीत आहेत. पिक, नेम, तामरस ही त्यांची उदाहरणे. मीमांसासूत्रांच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात प्रश्न उभा केला आहे: अशा शब्दांचा अर्थ व्याकरणाने आणि निरुक्ताने धातू शोधून लावायचा, की ते बोलणाऱ्यांना विचारायचा? भाष्यकार शबराचा निर्णय स्वच्छ आहे. बोलणाऱ्यांचा अर्थ घ्यायचा. शब्दार्थाच्या बाबतीत शिष्ट लोकच जाणकार असतात, या आक्षेपाला त्याने दिलेले उत्तर रानातल्या माणसाला मान देणारे आहे: पक्षी पाळण्यात आणि पकडण्यात तर म्लेंच्छच अधिक जाणकार आहेत. पिक म्हणजे कोकिळ, हे ज्याने कोकिळ पाहिला, धरला, ऐकला त्याला विचारा, असा त्याचा रोख. 'म्लेंच्छ' या शब्दातला ताठा आज खुपतो आणि खुपायलाच हवा. पण त्या शब्दाखाली मोडणाऱ्या माणसाच्या हाती अर्थाचा अधिकार देण्याचे काम याच ग्रंथाने केले, हेही विसरून चालत नाही.

याच ठिकाणी कुमारिल तंत्रवार्तिकात द्राविड शब्दांची यादी देतो. त्या भाषेतले व्यंजनान्त शब्द आर्य ऐकतात, त्यांना आपल्या पद्धतीने शेवटी स्वर जोडतात आणि आपल्याला कळेल असा अर्थ बसवतात. 'चोर्' म्हणजे भात. ऐकणारा त्याचा 'चोर' करतो. 'अतर्' म्हणजे वाट. ऐकणारा 'अतर' म्हणतो, आणि वर समर्थनही करतो की खरेच आहे, वाट तरून जायला कठीणच असते. 'पाप्' म्हणजे साप. त्याचा होतो 'पाप', कारण साप पापीच. 'वैर्' म्हणजे पोट. त्याचा होतो 'वैरी', कारण भुकेले पोट माणसाला नको ते करायला लावते. तमिळमध्ये सोऱु, पांबु, वयिऱु हे शब्द आजही याच अर्थांनी नांदत आहेत. कुमारिलाचे म्हणणे असे, की शेजारच्या द्राविड भाषेत ही तऱ्हा, तर पारसिक, यवन, रोमक यांच्या भाषांचे हे लोक काय करतील देव जाणे.

यातला बारकावा पाहावा. नुसती चूक झाली असे कुमारिल म्हणत नाही. चुकीला समर्थन मिळते आणि ती शहाणपणासारखी दिसू लागते, असे तो म्हणतो. 'वैरी' हा खरा शब्द आहे, वाक्यात चपखल बसतो, त्याच्यामागे तत्त्वज्ञानही उभे करता येते. फक्त समोरच्याने तो उच्चारलेला नाही. पोट दुखते म्हणून दवाखान्यात आलेल्या माणसाच्या तोंडून डॉक्टरने 'वैरी' ऐकले असते, तर काय उपचार झाले असते? हेमलकशात सुरुवातीची वर्षे भाषा शिकण्यात गेली ती या कारणाने, आणि तो वेळ दवाखान्याच्याच कामाचा होता.

आता यंत्राचा एक गप्प प्रमाद पाहू. गोंडी-माडियात देवाला 'पेन' म्हणतात. पर्सापेन म्हणजे थोरला देव. मराठी मजकुरात 'पेन' लिहिले तर लाल रेघ उमटणार नाही, कारण शब्दसंग्रहात पेन आहे, खिशाला लावायचे. यंत्राच्या दृष्टीने शब्द शुद्ध. त्याने काही बदलले नाही, तरी देव लेखणी होऊन बसला, जसा भात चोर होऊन बसला होता. उलट 'गोटुल', 'पेरमा', 'पंडुम' असे शब्द लिहिले की यंत्राला ते खटकण्याचा संभव फार. गोटुल हे गावातल्या तरुणांचे आणि एकत्र जमण्याचे घर, पेरमा हा गावाचा पुजारी, पंडुम म्हणजे सण. एका संपूर्ण धर्माची शब्दावली अशी दोन तऱ्हांनी अडते. ओळखीचा वाटलेला शब्द भलत्या अर्थाने आत घेतला जातो आणि अनोळखी शब्द दारावरच थांबवला जातो.

गोंड समाजात कुळाचे नावही देवांशी बांधलेले असते. कुळे चार देवांची, पाच देवांची, सहा देवांची, सात देवांची अशी गटांत विभागलेली असतात आणि एकाच गटात सोयरीक होत नाही. आडनाव विचारले की माणसाचे देव कळतात आणि देव कळले की कोणत्या घरात लग्न होऊ शकते ते कळते. इतका भार ज्या चार अक्षरांवर आहे, ती 'जवळपास' लिहून कशी चालतील?

अक्षराचा भार कायद्यानेही ओळखला आहे, कधी उदार होऊन, कधी कठोर होऊन. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत गोंड या नोंदीखाली पन्नासहून अधिक नावे आहेत. त्यांत 'माडिया' आहे आणि 'मारिया'ही आहे. 'बडी मारिया' आहे, 'बडा मारिया' आहे. 'वाडे मारिया' तर रोमन लिपीत 'डब्ल्यू'ने आणि 'व्ही'ने अशी दोन्ही प्रकारे आहे. ड आणि र यांच्या मधला जो उच्चार या बोलींत आहे, त्याला रोमन लिपीत अक्षर नाही. कुणी 'डी' लिहिला, कुणी 'आर'. यादी करणाऱ्यांनी एक रूप बरोबर आणि दुसरे चूक ठरवण्याच्या फंदात न पडता दोन्ही ठेवली. याच यादीत 'बायसन हॉर्न मारिया' असेही नाव आहे. नाचताना गव्याच्या शिंगांचा मुकुट घालणाऱ्या बस्तरच्या लोकांसाठी ते डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन या इंग्रज अधिकाऱ्याने रूढ केले. १९३८ साली आलेल्या त्याच्या ग्रंथाच्या शीर्षकातही 'मारिया' आहे, 'माडिया' नाही. परक्याने पाहिलेला मुकुट हे जमातीचे कायदेशीर नाव झाले.

नदीपलीकडच्या छत्तीसगडात याची दुसरी बाजू दिसते. नावाचे लेखन यादीतल्या रूपाशी जुळत नाही म्हणून तिथल्या काही समूहांना दाखले मिळत नव्हते. 'भारिया भूमिया' या नोंदीला 'भुईंया', 'भुईयां', 'भूयां' अशी रूपे जोडण्यासाठी आणि तशाच इतर दुरुस्त्यांसाठी संसदेत विधेयक आणावे लागले. ते २०२३मध्ये संमत झाले. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांच्यासाठी देशाची संसद बसली, ही थट्टेची बाब नाही. कुणाच्या तरी मुलाची शिष्यवृत्ती त्या अनुस्वारावर अडली होती. महाराष्ट्रात 'धांगड' हे 'धनगर'चेच लेखनातून बिघडलेले रूप आहे, असा दावा कित्येक दशके चालला. मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४मध्ये तो मान्य केला नाही. त्या वादात कोण बरोबर, हा या लेखाचा विषय नाही. पण यादी आहे तशी वाचायची, तिच्यात बदल करायचा अधिकार फक्त संसदेला, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०००मध्ये मिलिंद खटल्यात ठामपणे सांगितले होते. न्यायालयेसुद्धा जे अक्षर स्वतःच्या अधिकारात बदलत नाहीत, ते टायपिंगच्या ओघात एखादे सॉफ्टवेअर बदलून मोकळे होऊ शकते.

मग दुरुस्ती करूच नये का? करावी, पण कुणी आणि कशी, याचे मराठीतले दाखले पाहण्याजोगे आहेत. ज्ञानेश्वरी १२९०ची. पुढच्या तीनशे वर्षांत नकलाकारांच्या हातून तिच्यात इतके पाठ शिरले, की एकनाथांनी शके १५०६ म्हणजे १५८४मध्ये पोथ्या ताडून तिचे संशोधन केले आणि इतरांनी यात आपली ओवी घालू नये, असे शेवटी बजावले. पण त्यांच्या शुद्ध प्रतीनेही प्रश्न मिटला नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १९०९मध्ये वेगळ्या, अधिक जुन्या मानलेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, ती दुरुस्तीच्या आधीचे रूप हवे म्हणूनच. एकनाथांचा अधिकार कुणी नाकारला नाही. तरी दुरुस्तीआधीचे अक्षर कसे होते, हे जाणण्याची ओढ राहिलीच.

महानुभावांनी वेगळा मार्ग धरला. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली आणि चक्रधरांच्या लीळा आठवणींतून पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. आठवणी जुळत ना. तेव्हा एकच पाठ खरा मानून बाकीचे पुसण्याऐवजी, कुणाच्या आठवणीत काय होते ते त्यांनी शेजारी शेजारी नोंदवले. या पाठभेदांना ते 'वासना' म्हणत. हिब्रू बायबल उतरवणाऱ्या मसोरा परंपरेतल्या पंडितांनीही हेच पथ्य पाळले. संहितेत चुकीचा वाटणारा शब्द त्यांनी आहे तसाच उतरवला आणि वाचताना कसा वाचावा ते समासात लिहिले. लिहिलेले ते कतीव, वाचायचे ते करे. पवित्र ग्रंथातली उघड चूक दिसत असतानाही लेखणी आवरणे, ही केवढी शिस्त! आपल्या यंत्रातली लाल रेघ या समासाच्या जातीची आहे. तिच्याविषयी तक्रार नाही.

आणि तक्रार नाही, याला हेमलकशातच आणखी एक कारण आहे. माडिया मुलासाठी मराठी ही शाळेत शिकलेली भाषा. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा आणि १९७२चे चार असे अठरा नियम, त्यातले ऱ्हस्व-दीर्घ, सामान्यरूपे, यांत पुण्या-नागपूरची मुलेही अडखळतात. निबंध लिहिताना चुकलेल्या मराठी शब्दाखाली रेघ उमटली तर ते यंत्र वर्गात न हसणाऱ्या मास्तरासारखे आहे. प्रमाण मराठी शिकण्याचा त्या मुलाचा हक्क आहे, आणि शुद्धलेखनाला नुसती नावे ठेवणारे त्याचे काही भले करत नाहीत. परीक्षेत गुण त्याचेच जातात. म्हणून सोय बंद करा, एवढे म्हणून भागत नाही. मराठीच्या शब्दाला मराठीचा नियम लागू आहे. नावाला आणि परभाषेतल्या देवाला तो लागू नाही.

का नाही, याचे सर्वांत नेटके उत्तर न्यायदर्शनात मिळते. शब्द प्रमाण केव्हा? तो आप्ताचा असेल तेव्हा. आप्त म्हणजे ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे तो. भाष्यकार वात्स्यायन पुढे सांगतो, की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ यांना सारखेच लागू आहे. आप्तपण जन्मातून किंवा विद्येतून येत नाही, त्या वस्तूशी असलेल्या थेट ओळखीतून येते. स्वतःच्या नावाशी, स्वतःच्या कुळाशी, स्वतःच्या देवाशी माणसाहून अधिक थेट ओळख कुणाची असणार? या कसोटीवर भामरागडच्या पाड्यातली निरक्षर आजी आपल्या नातवाच्या नावाविषयी आप्त ठरते. यंत्राला ती पात्रता मिळत नाही, कारण त्याने काहीच जाणलेले नाही. त्याच्यापाशी मोजदाद आहे. एखादा शब्द किती वेळा छापला गेला, हे अनुमानाला उपयोगी पडेल. ते अनुमान आप्तवाक्य समोर असताना त्याला डावलून पुढे करणे, हा प्रमाणांचा गोंधळ आहे.

बलवंतांनाही यंत्राच्या अंदाजापुढे मान तुकवावी लागली आहे. माणसाच्या काही जनुकांची जुनी नावे एक्सेलला तारखा वाटत. 'सेप्ट-१' लिहिले की १ सप्टेंबर, 'मार्च-१' लिहिले की १ मार्च. २०१६च्या एका पाहणीत, ज्यांना एक्सेलमधल्या जनुकयाद्या जोडल्या होत्या अशा शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका सापडल्या. अखेर २०२०मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने तशा २७ जनुकांची नावे बदलल्याचे जाहीर केले. सॉफ्टवेअर बदलले नाही, विज्ञानाने नावे बदलली. तारखा आपोआप करणे थांबवण्याची सोय एक्सेलमध्ये २०२३च्या सुमारास आली. जनुकाला आपले नाव बदलल्याचे दुःख नाही. गावाच्या नावाचे तसे नसते. चंद्रपूरला जुनी माणसे आजही चांदा म्हणतात, त्यांना विचारून पाहावे. आणि चांदा ही तर गोंड राजांची राजधानी होती.

आपली लिपी, आपला शब्दसंग्रह झाला की हा प्रश्न सुटेल, असे वाटणे स्वाभाविक आहे. गोंडीसाठी मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८मध्ये रचलेली लिपी २०१७मध्ये युनिकोडमध्ये आली आणि आदिलाबादकडची गुंजाला लिपी २०१८मध्ये. धानोरा तालुक्यातल्या मोहगावच्या ग्रामसभेने २०१९मध्ये गोंडी माध्यमाची स्वतःची शाळा सुरू केली. हे सगळे व्हायलाच हवे होते आणि उशिरा झाले. पण उद्या गोंडीचा लेखनतपासनीस तयार झाला, तर तो कुठल्या गोंडीचा असेल? आदिलाबादची प्रमाण धरली तर भामरागडची माडिया तिच्या लाल रेघेखाली येईल. छोटी बोली मोठ्या बोलीपुढे पुन्हा त्याच जागी उभी राहील. म्हणून मूळ मुद्दा कुठल्या भाषेचे यंत्र, हा नाही. ज्याचे नाव त्याला विचारण्याआधी ते बदलायचे की नाही, हा आहे.

हे काम संसदेचे नाही, टेबलावरचे आहे. आश्रमशाळांतले लिपिक, सेतू केंद्रातले ऑपरेटर, तहसील कार्यालयात दाखले टाइप करणारे कर्मचारी आणि गडचिरोलीच्या बातम्या लिहिणारे पत्रकार, या सर्वांना एक विनंती आहे. माणसांची, गावांची, कुळांची, देवांची नावे असलेला मजकूर उघडण्याआधी वर्डमध्ये फाइल, ऑप्शन्स, प्रूफिंग, ऑटोकरेक्ट ऑप्शन्स या वाटेने जाऊन टाइप होता होता शब्द बदलण्याच्या सोयीसमोरची खूण काढून टाका. लाल रेघ राहू द्या. माडिया, गोटुल, पंडुम, पेरमा आणि आपल्या तालुक्यातली सगळी आडनावे 'ॲड टू डिक्शनरी'ने संगणकाच्या शब्दसंग्रहात घाला. आणि दाखला छापण्याआधी त्यावरचे नाव, कूळ आणि जमात समोर उभ्या असलेल्या आईला किंवा आजोबांना मोठ्याने वाचून दाखवा. ते मान हलवून नाही म्हणाले, तर कीबोर्ड पुन्हा पुढे ओढा आणि ते सांगतील तसे लिहा.